बाबांसाठी ब्युरोची बाई ठेवली, आता घरच्यांनी नेमकं काय करायचं?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा 76 वर्षांचे, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पार्किन्सन आहे, घरातल्या घरात चालतात पण कुणीतरी धरायला लागतं. आम्ही भांडुपला, तिसरा मजला, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. आई सत्तरीची, तिचे गुडघे कधीचेच गेलेत. मी आणि बायको दोघं नोकरीवाले, मुलगी नववीत, बहीण पुण्याला. आतापर्यंत बाबांचं सगळं आईच करायची, आंघोळ, दाढी, गोळ्या, रात्री उठवून बाथरूमला नेणं, पण मागे बाथरूमच्या उंबऱ्यावर बाबांचा तोल गेला आणि त्यांना सावरायच्या नादात आईच आपटली, मनगटाला प्लास्टर, तेव्हा ठरवलं की आता बास, बाई ठेवायची. ब्युरोतून (घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवतात ते) बारा तासांची आणली, सकाळी आठ ते रात्री आठ. वॉर्डबॉय बघत होतो पण बजेटमध्ये बसेना.

बाई चांगली आहे, तक्रार नाही. पण घरात वेगळंच सुरू झालंय. आई दिवसभर तिच्या मागे मागे, "असं नको धरूस, तसं नको भरवूस", बाई वैतागते, आई रुसते. बाबा बाईकडून आंघोळ घालून घ्यायला तयार नाहीत, लाज वाटते त्यांना, म्हणून ती मीच सकाळी घाईघाईत घालतो, मग नेहमीची लोकल सुटते, घाटकोपरला मेट्रोची लाईन, आणि अंधेरीला ऑफिसात लेट मार्क. बायको म्हणते पैसे मोजतोय ना, मग तिला करू दे की. आत्याचा फोन येतो, "दादाला बाईच्या हवाली केलंत होय?"

परवा न्यूरोच्या ओपीडीत नवीन फाईल काढली, त्या फॉर्मवर एक रकाना होता, केअरगिव्हरचं नाव आणि नंबर. मी, आई, बाई तिघंही तिथेच, तिघं एकमेकांकडे बघतोय. शेवटी मी माझं नाव टाकलं कारण पेन माझ्या हातात होतं. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं दुपारच्या गोळीनंतर किती वेळ नीट चालतात, मला माहीतच नाही, आई म्हणाली तास-दीड तास, तर बाई मागून हळूच म्हणाली, नाही हो, जेवून घेतली तर चालतच नाहीत, जेवणाआधी घेतली तर चालतात.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बाई करते, आई बघते, मी पैसे देतो आणि रविवारी हजर असतो. मग ह्यात केअरगिव्हर कोण? आणि बाई ठेवल्यावर घरच्या माणसाचं काम नक्की काय उरतं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा. तत्त्वज्ञान नको, रोजचं सांगा.

सायनची_सून

दादा तुमचा फॉर्मचा किस्सा वाचून आधी हसले आणि मग हसू गेलं कारण आमच्याकडे सेम टू सेम. सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला, डावी बाजू गेली, तेव्हापासून बाई आहे, चार-पाच बदलल्या, आत्ताची टिकलीये.

माझा अनुभव सांगते. बाई आली की हाताचं काम कमी होतं, डोक्याचं अजिबात होत नाही, उलट वाढतं. कुठली गोळी संपत आली, डायपरचा साईज बदलायचा का, फॉलोअप कधी, शुगर कधी तपासली, एअर बेडचा पंप का आवाज करतोय, बाईला पुढच्या आठवड्यात सुट्टी हवीये तर त्या दिवशी कोण, तिचा पगार, तिचा चहा, तिचं आणि सासऱ्यांचं भांडण. हे सगळं घरातल्या कुणा एकाच्या डोक्यात असतं आणि ते कोणाच्या असायचं हे न बोलता ठरलेलं असतं. बहुतेक वेळा सुनेच्या. तुमच्या घरी ते अजून ठरलेलं नाहीये असं दिसतंय, म्हणून तुम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतात.

खरी परीक्षा गणपतीत. सगळ्या बाया गावाला जातात आणि ब्युरोवाला म्हणतो बदली पाठवतो. ती बदली येते दारात, तिला तुमचा पेशंट म्हणजे काय माहीत असतं? काही नाही. आमच्याकडे आली तिने पहिल्याच दुपारी आईंना झोपलेल्यालाच पाणी पाजलं, इतका ठसका लागला की मी ऑफिसातून निघाले. त्यानंतर मी कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवलाय. वर गोळ्यांच्या वेळा आहेतच, पण खरा उपयोग खालच्या भागाचा. पाणी बसवूनच, चमच्याने, आणि घास उजव्या गालात. उठवताना डावा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस, टाचांखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील. रात्री झीरोचा बल्ब लागतो, पूर्ण अंधार केला की ओरडतात. आणि सगळ्यात शेवटी, कळव्याच्या मावशींचा विषय काढायचा नाही :) हे शेवटचं माझ्या आधीच्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलंय.

तर तुमचं काम काय म्हणाल तर हा कागद. तो लिहायचा म्हटलं की तुम्हाला आईकडून आणि बाईकडून माहिती काढावीच लागेल आणि तिथेच तुमचा अर्धा घोळ सुटेल.

बोरिवली_काका

हे केअरगिव्हर वगैरे सगळं आत्ता आलंय. आमच्या लहानपणी गिरगावात चाळीत आजोबा वर्षभर अंथरुणावर होते, घरात दहा माणसं, कुणी फॉर्म भरला नाही की बाई आणली नाही. आईवडिलांचं करायचं असतं, त्यात एवढं विचारायचं काय.

सायनची_सून

काका, दहा माणसं होती, बरोबर. त्यातली आजोबांचं करणारी किती होती ते आजींना विचारायला हवं होतं.

फिजिओ_मुलुंड

तिसरा_मजला, मी घरी जाऊन फिजिओ करते, पार्किन्सनचे पेशंट बरेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमची बाई बरोबर बोलली. पार्किन्सनची जी मुख्य गोळी, लेव्होडोपा, ती आतड्यातून शोषली जाताना प्रोटीनशी स्पर्धा करते. म्हणजे वरण, दूध, अंडं, मासे असं जेवून लगेच गोळी घेतली तर ती पोचते कमी आणि उशिरा. म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायला सांगतात. मळमळत असेल तर एखादं साधं बिस्कीट चालतं. पण वेळ तुमच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना बाईचं हे निरीक्षण सांगा आणि ते म्हणतील तसं करा. गोळी अचानक बंद तर कधीच करायची नाही.

आता मला सांगा, ही माहिती कुणाकडे होती? जी दिवसभर समोर बसते तिच्याकडे. आणि डॉक्टरांशी कोण बोलत होतं? ज्याला माहीत नव्हतं तो. मी किती घरांत हे बघते. तुमचं काम हे मधलं अंतर भरून काढणं. एक साधी वही ठेवा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, कधी चांगले चालले, कधी अडकले, एवढंच. बाईला लिहायला जमत नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवायला सांगा, एक चांगलं चालतानाचा आणि एक अडकल्याचा. ओपीडीत पेशंट डॉक्टरसमोर नेमका बरा चालतो, सगळ्यांचा हाच अनुभव, आणि घरच्यांना खोटं पाडतो.

दुसरं आंघोळीचं. तुम्ही सकाळी ऑफिसच्या घाईत आंघोळ घालता म्हणजे बहुतेक सकाळची गोळी लागू व्हायच्या आधी. तेव्हा अंग सगळ्यात जास्त ताठ असतं. हीच आंघोळ गोळीनंतर तासाभराने ठेवली तर बरंचसं ते स्वतःच करतील. बाथरूममध्ये रबरी पायांचं पक्कं स्टूल, हँड शॉवर, भिंतीला धरायला दांडा (टॉवेलचा रॉड नाही, तो उपटून हातात येतो), खाली रबरी मॅट. अंगावर चड्डी ठेवून बसून आंघोळ, दार नुसतं लोटलेलं, बाई बाहेर उभी, फक्त पाठ चोळायला आणि उठायच्या वेळी आत. लाजेचा प्रश्नही बराचसा सुटतो आणि तुमची लोकलही मिळते. उंबऱ्याचं काहीतरी करा, काढता येत नसेल तर निदान भडक रंगाची टेप लावा.

पार्किन्सनमध्ये माणूस दारात, अरुंद जागेत, वळताना जागच्या जागी थिजतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. तेव्हा ओढायचं नाही, ओढलं की पडतात. थांबायचं, श्वास घेऊ द्यायचा, मग एक दोन, एक दोन मोजायचं, किंवा तुमचा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवून ह्याच्यावरून टाका म्हणायचं. विचित्र वाटेल पण होतं. काही घरांत मी लादीवर आडव्या पट्ट्या मारून दिल्यात, त्या ओलांडत मस्त चालतात. आणि चालताना गप्पा मारायच्या नाहीत. मुलं प्रेमाने "काय बाबा आज कसं वाटतंय" करत चालवतात आणि तेवढ्यात तोल जातो. झोपेतून उठवल्यावर दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसू द्यायचं, बीपी खाली जातं ह्यांचं.

आणि एक महत्त्वाचं राहिलं, कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा. उलट्या झाल्या आणि जवळच्या दवाखान्यात नेलं तर आधी सांगायचं की पार्किन्सन आहे. मेटोक्लोप्रामाईड हे उलटीचं अगदी कॉमन औषध, इंजेक्शन म्हणून पटकन दिलं जातं, ते ह्या पेशंटना चालत नाही, ताठपणा वाढतो.

शर्टाच्या बटणांबद्दल शेवटचं. पंधरा मिनिटं लागली तरी लावू द्या. बाई पटकन लावून टाकते कारण तिला वाटतं नुसती उभी राहिले तर म्हणतील काही करत नाही. तिला घरच्यांनी सांगायला लागतं की उभी राहा, चालेल.

मावशीची_मुलगी

फिजिओ ताईंनी शेवटी जे लिहिलंय त्यासाठी त्यांना माझ्या आईकडून थँक्यू.

माझी आई ब्युरोत आहे, मी शाळेत असल्यापासून. आम्ही विक्रोळीला पार्कसाईटला राहतो, तिची ड्युटी कधी दादर कधी माटुंगा, जास्त करून नाईट. मी दुसऱ्या बाजूने लिहिते म्हणजे राग मानू नका.

तुम्ही विचारलंत केअरगिव्हर कोण, आणि तुमच्या बाईचं नाव त्या रकान्यात का नाही गेलं ते तुम्हीच सांगितलंत, पेन तुमच्याकडे होतं. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिव्यांग हक्क कायदा 2016 आम्हाला आहे, त्यात केअरगिव्हरची व्याख्या दिलीये, आईवडील, घरचे किंवा कुणीही, पैसे घेऊन किंवा न घेता, जो दिव्यांग माणसाची काळजी घेतो, मदत करतो तो. म्हणजे कायद्याला तुमची आई आणि तुमची बाई दोघी सारख्याच. पार्किन्सन त्या कायद्याच्या यादीत आहे म्हणून हे तुम्हाला लागू होतं.

आईचं सांगते. एका घरी आजोबा होते, पाणी पिताना खोकायचे, आईने दोन-तीनदा सांगितलं की घशात जातंय, डॉक्टरला दाखवा. त्यांच्या मुलीने सांगितलं त्यांना सवय आहे, तुम्ही तुमचं काम करा. पुढे न्यूमोनिया होऊन आयसीयूत गेले आणि तेव्हा ब्युरोला फोन गेला की बाईने नीट पाजलं नाही. आई बोलली नाही काही, बोलून काय, दुसऱ्या दिवशी ब्युरोने दुसरीकडे पाठवलं.

ब्युरो पगारातून कमिशन कापतो, तुम्ही देता ते सगळं बाईच्या हातात येत नाही हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. रजा घेतली की त्या दिवसाचे पैसे नाहीत. पेशंट गेला की त्या दिवसापासून कामही गेलं. आणि मग छोट्या छोट्या गोष्टी, कप वेगळा, बसायला स्टूल नाही, दुपारी पेशंट झोपला की "तेवढी मटार सोलून दे". एकदा मटार, मग कोळंबी, मग मुलाचा डबा. आई कोळंबी सोलत होती तेव्हा आजी एकट्या उठल्या असत्या तर? तर तुमचं काम काय विचारता ना, हे तुमचं काम. पेशंटचं काम कुठलं आणि घरचं कुठलं हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणं, तुमच्या आईसमोरसुद्धा. आठवड्याची सुट्टी ठरवणं. डॉक्टरकडे जाताना तिला बाहेर बाकावर न बसवता आत नेणं, ते तुम्ही नेलंत, चांगलं केलंत. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही आधी तिच्याकडे बघा.

बंगलोरवाला_दादरकर

इथे लांबच्या मुलांना शिव्या पडतात म्हणून आधी घाबरत होतो :) पण तुमची बहीण पुण्याला आहे असं लिहिलंयत आणि पुढे तिचा उल्लेखच नाही, म्हणून लिहितो.

आमचे बाबा दादरला, भाऊ-वहिनी त्यांच्याजवळ, मी इकडे. पहिल्यांदा मी फक्त पैसे पाठवायचो आणि फोनवर सल्ले द्यायचो, भावाने एकदा फोन आपटला. मग आमचं असं ठरलं की अंगमेहनतीचं सगळं ते आणि कागदाचं सगळं मी. आता औषधं ऑनलाईन मी मागवतो, ब्युरोचं पेमेंट मी करतो, अपॉइंटमेंट मी घेतो, मेडिक्लेमची कटकट माझी. वहिनीला ब्युरोवाल्याचा फोन येत नाही, मला येतो. तुमच्या बहिणीला हे द्या, तिलाही बरं वाटेल, लांब राहून जीव खातो तो काही कमी नसतो.

पार्किन्सनवाल्यांसाठी बँकेचा मुद्दा, हा मला खूप छळून गेलाय. अक्षर बारीक बारीक होत जातं आणि सही जुळत नाही, चेक परत. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, आजारी माणसाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात ज्यांना बँक ओळखते आणि त्यातला एक बँकेचाच अधिकारी. 70 च्या वरच्यांना घरी येऊन बँकिंग द्यायलाही रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलंय. शाखेत शांतपणे लेखी द्या, तोंडी विचारलं की "असं काही नाही" ऐकायला मिळतं. अकाऊंट आईसोबत जॉइंट नसेल तर आत्ताच करून घ्या, नॉमिनी बघा. मृत्युपत्राचा विषय काढायला जड जातं पण तेही डोकं साफ आहे तोवरच. पॉवर ऑफ अॅटर्नी केली म्हणून निर्धास्त राहू नका, बाबांची समज गेली की ती आपोआप निकामी होते, मग कोर्टात जाऊन पालक नेमून घ्यायची वेळ येते.

रेल्वेची पेन्शन म्हणजे नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तीन मजले उतरवू नका त्यासाठी. वयाची 80 पूर्ण झाली की ऑक्टोबरपासूनच देता येतो. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्जही ऑनलाईन असतो, तपासणीला मात्र एकदा न्यावं लागतं. दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये 75 हजारांची वजावट आहे, दिव्यांगत्व 80 टक्क्यांपासून पुढे असेल तर सव्वा लाख. बाबांना स्वतःची पेन्शन आहे म्हणजे बहुतेक ती त्यांच्याच रिटर्नमध्ये घ्यावी लागेल, सीएला विचारा.

बोरिवली_काका

सही जुळत नाही हे खरं आहे. माझीच जुळत नाही हल्ली.

पण मूळ मुद्दा सोडू नका. मुलांनी करायचं असतं, त्याला आता सरकारने कायदासुद्धा केलाय ना, 2007 चा.

मावशीची_मुलगी

काका तो कायदा निर्वाहाचा आहे, मुलांनी आईवडिलांना खर्चाला द्यायचं, नाही दिलं तर ट्रिब्युनलकडे अर्ज. रात्री दोनला कोण उठणार हे त्याने ठरत नाही. 2016 च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी केअरगिव्हर भत्ता द्यायची तरतूद आहे, सरकारांनी योजना करायच्या आहेत. केरळमध्ये आश्वासकिरणम म्हणून योजना आहे, अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याला महिन्याला 600 रुपये. 600 रुपयांत काय होतं म्हणाल, पण निदान कुणीतरी करतंय हे सरकारी कागदावर येतं.

माहीमची_आजी

मी बोलून टाईप करते नातीने लावून दिलंय त्यामुळे चुका असतील. बाळा तुझ्या आईबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते माझ्या मिस्टरांना हाच आजार होता. तुझी आई बाईच्या मागे मागे का फिरते तुला वाटतं तिचा विश्वास नाही. अरे इतकी वर्षं तिने केलंय पहाटे कुठला पाय आधी खाली टाकतात ते तिला माहीत आहे आणि एका दिवशी तू आणलंस कुणाला तरी आणि म्हणालास आई तू आता आराम कर. आराम म्हणजे काय करायचं रे. मला पण माझ्या मुलाने असंच सांगितलं होतं मी दोन दिवस टीव्ही बघितला आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या डोक्यावर बसले.

तिला तिचं काम ठेव पण उचलायचं नको. माझ्याकडे गोळ्यांचा डबा आणि दाढी एवढं मी कुणाला देत नव्हते. दाढीला अर्धा तास लागायचा त्यांचा चेहरा असा पुतळ्यासारखा झालेला ह्या आजारात होतो तसा हसायचे नाहीत रडायचे नाहीत लोकांना वाटायचं ह्यांना काही कळत नाही. पण साबण लावताना गाल फुगवायचे बरोबर. आवाज इतका बारीक झालेला की कान जवळ न्यायला लागायचा आणि दाढी करताना तो जवळच असायचा म्हणून त्यांना जे काय सांगायचं ते तेव्हाच सांगायचे. बँकेचं सांगायचे शेजाऱ्याला शिव्या द्यायचे सगळं. हे बाईला कसं द्यायचं.

आणि चार ते सहा तिला घराबाहेर काढ. बाई आहे ना मग. भजनाला जाऊदे देवळात जाऊदे नाहीतर खाली बाकावर बसूदे गुडघे दुखतात तर एकदाच उतरेल एकदाच चढेल. पार्किन्सन्स सोसायटी आहे आपल्या मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून आहे त्यांचे ग्रुप भरतात ठिकठिकाणी पैसे घेत नाहीत व्यायाम घेतात. पेशंटला घेऊन घरचे येतात आणि घरच्यांचं पण बोलणं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक बाई सांगत होत्या की कधीकधी मनात येतं ह्यांना उचलून खाली ठेवावं आणि निघून जावं आणि सगळ्या हसल्या कारण सगळ्यांच्या मनात आलेलं. नंतर मला झोप येईना तर नातीने टेली मानसचा नंबर लावून दिला मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाईन आहे 14416 मराठीत बोलतात फुकट आहे. तुझ्या आईला पण दे आणि तू पण ठेव.

आत्याला सांग एक रविवार ये आणि रात्रभर राहा.

तिसरा_मजला

सगळ्यांना एकदम उत्तर देतोय. आजी, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या कोण आहेत मला नंबर दे, नंबर देऊ नका हो इथे, मी मेसेज करतो.

काल रात्री बाई जायच्या आधी तिला अर्धा तास जास्त थांबवलं (ओव्हरटाईम दिला, मावशीची_मुलगी :)) आणि चौघं बसलो, कागद काढला. आई आणि बाई दोघी एकमेकींना दुरुस्त करत बोलत होत्या आणि मी लिहीत होतो. मला निम्म्या गोष्टी नवीन. बाबांना उजव्या कुशीवरून उठायला सोपं जातं हे मला माहीत नव्हतं, आणि पांढऱ्या लादीवर अडकतात, पॅसेजमधल्या चौकटीच्या लादीवर नाही अडकत. हे बाईला आधीपासून माहीत होतं, तिला वाटलं आम्हालाही असेल.

आंघोळ साडेनऊवर नेली. स्टूल आणलं, दांडा रविवारी बसवून घेतोय. बाबा पहिल्या दिवशी बाहेर बाई उभी आहे म्हणून फार पुटपुटले पण केली स्वतः, डोक्यावर पाणी सोडून बाकी सगळं. दाढी आणि गोळ्या आईकडे. गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना मेसेज करून विचारलंय. बहिणीला बँक, पेन्शन, यूडीआयडी दिलं तर तिने दहा मिनिटांत लिस्ट करून पाठवली, वाटच बघत असल्यासारखी. बायकोचं म्हणणं असं की बाईचा पगार, सुट्ट्या, बदली हे ती बघेल पण मग त्यात आईने बोलायचं नाही. बघू, ते काही दिवस टिकेल.

आत्याला अजून सांगितलेलं नाही.

आता एक राहिलं, तीन मजले. यूडीआयडीच्या तपासणीला आणि फॉलोअपला न्यायचं कसं? मागच्या वेळी मी आणि वॉचमन दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं, दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय वाकला. सगळ्यांना घाम फुटला.

फिजिओ_मुलुंड

प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको! जिना उतरवायची घडीची खुर्ची येते, अॅम्ब्युलन्सवाले वापरतात तसली, पट्टे असतात, पुढे-मागे हँडल. मेडिकल सामान भाड्याने देणारे देतात, डिपॉझिट घेतात. दोन माणसं हवीत आणि त्यातला उंच माणूस खालच्या बाजूला. पेशंटचे हात पट्ट्याच्या आत, नाहीतर ते घाबरून कठडा पकडतात आणि सगळे मिळून खाली. गोळी लागू असेल त्या वेळेतच उतरवा, तेव्हा कदाचित एखादा मजला कठडा धरून स्वतःही उतरतील. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवायला शेजाऱ्यांना सांगून बघा.

सायनची_सून

आणि दर फॉलोअपला उतरवायची गरज असते का ते विचारा आधी. आमचे डॉक्टर एक आड एक व्हिडिओ कॉलवर घेतात.

बोरिवली_काका

तळमजल्यावरच्या कुणाशी तरी चार-सहा महिन्यांसाठी जागा बदलता येते का विचारून बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने केलं होतं तसं. लोक हो म्हणतात कधीकधी, कुणी विचारतच नाही.

तिसरा_मजला

काका, तळमजल्याला कुलकर्ण्यांचा ट्यूशन क्लास आहे, पण विचारतो. खुर्चीवाल्यांचा कुणाकडे भांडुप-मुलुंड साईडचा पत्ता असेल तर मेसेज करा प्लीज, तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीये.